कोशाच्या डोक्यावरचे काटे

धारवाड-हुबळीकडच्या कौलारू घरांत वाशाला नाहीतर दाराच्या चौकटीला कुंभारीण गांधीलमाशीचं मातीचं घरटं हमखास सापडतं. कुंभारीण स्वतः बाहेर पडते तेव्हा मागे नुसतं गोल, साफ भोक राहतं. पण एखाद्या भोकात कागदासारखी हलकी कात अर्धी बाहेर डोकावत असेल, तर आत दुसरंच कुणी वाढलं असं समजावं. बहुधा ती बॉम्बिलिडी कुळातली परजीवी माशी असते. अंगभर लव असलेली, मधमाशीसारखी दिसणारी आणि फुलांसमोर हवेत तरंगत राहणारी. या माशीच्या अभ्यासाचा मागोवा घेताना जाणवतं, की तिचं खरं गुपित पंखांत नसून या कातीत आहे.

ते नीट उलगडलं फ्रान्समधल्या झाँ आंरी फाब्रनं. 1886 साली निघालेल्या आपल्या कीटक-आठवणींच्या तिसऱ्या भागात त्यानं गवंडी मधमाशीच्या घरट्यात वाढणाऱ्या, याच कुळातल्या अँथ्रॅक्स माशीची हकीकत लिहिली. तिची अळी यजमान अळीला जखम न करता, कातडीतूनच शोषून घेते. पुढे प्रश्न उरतो बाहेर पडण्याचा. घरटं दगडासारखं घट्ट, आणि माशीला जबडे नाहीत. सोंड आहे ती फक्त मध ओढायला. मग भिंत फोडणार कोण?

हे काम कोश करतो. फाब्रनं भिंगाखाली पाहिलं, तर कोशाच्या वाटोळ्या डोक्यावर सहा काळे, कठीण, अणकुचीदार काटे अर्धवर्तुळात बसवलेले. पोटाच्या वळ्यांवर आकड्यांचे आणि राठ केसांचे पट्टे, शेपटाकडे पुन्हा काटे. आकड्यांनी कोश भिंतीला पकड घेतो, अंग वाकवतो, झटक्यात सरळ करतो आणि डोक्याचं गिरमिट मातीत चालवतो. भोक पडलं की अर्धा बाहेर येऊन थांबतो. मग पाठ उकलते आणि माशी निघून जाते; भोकात मागे उरते ती हीच कात. घरमाशीचं याच्या अगदी उलट. तिचा कोश अळीच्याच वाळलेल्या कातडीच्या डबीत निपचित असतो आणि कपाळावरची पिशवी फुगवून माशी डबीचं झाकण उडवते.

इकडे भारतात, त्याच 1886 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक सुरू झालं. धारवाड जिल्हा तेव्हा, आणि पुढे 1956 पर्यंत, मुंबईच्याच कारभारात होता. 1909 मध्ये मॅक्सवेल-लेफ्रॉयचा हिंदुस्थानी कीटकांवरचा ग्रंथ आला. 1920 मध्ये ब्रुनेट्टीनं ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या खंडात या कुळातल्या भारतीय जाती मांडल्या. पेशानं संगीतकार असलेल्या या माणसाचं ते काम थोर आहे. पण ओळख पटवायची ती पंखांवरचे डाग, शिरा आणि लव पाहून. ते साहजिकच होतं. जाळ्यात उडती माशी येते. कोश हवा तर घरटं बरणीत ठेवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

पुढे क्लॉसेननं 1940 मध्ये परजीवी कीटकांवरच्या ग्रंथात अशा जीवनचक्रांची सांगड घातली. हलनं 1973 मध्ये या कुळातल्या जगभरच्या प्रजातींचा (जीनस) आढावा घेतला. एव्हनह्युइस आणि ग्रेटहेड यांच्या 1999 च्या सूचीपर्यंत जातींची संख्या साडेचार हजारांच्या घरात पोचली. धारवाडलाही 1947 मध्ये कृषी महाविद्यालय आणि 1986 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. हा विषय शेतीपासून दूरचा नाही. याच कुळातल्या काही माश्यांच्या अळ्या टोळ-नाकतोड्यांची जमिनीतली अंडी फस्त करतात, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतात. तर काही एकांड्या मधमाश्यांवर वाढतात.

कोणती माशी कुणावर वाढते, हे टाचणीला लावलेली माशी सांगत नाही. घरट्यात अडकलेली कात सांगते. म्हणून रंगकामाच्या वेळी कुंभारणीचं घरटं खरवडण्याआधी ते एकदा न्याहाळावं. कात दिसली, तर घरट्याच्या तुकड्यासकट डबीत ठेवावी, वर गावाचं नाव आणि तारीख लिहावी आणि जवळच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन द्यावी. फाब्रनं एका खेड्यात बसून जे पाहिलं, ते धारवाडच्या शाळकरी पोरालाही पाहता येईल. त्याला लागतं फक्त एक भिंग आणि सबुरी.