कढईतील समान वाटा

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कोंबडी आणि नूडल्स यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वेतनाचा प्रश्न अखेर ताटापाशीच येतो. मजुरी घरात आली, तिचे अन्न झाले. पण ते कोणाच्या वाट्याला किती आले आणि ते शिजविण्याचे कष्ट कोणी उपसले, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. उदगीरच्या मुलांच्या तोंडी बसलेल्या ‘चायनीज’चा विचार आम्ही याच दृष्टीने करणार आहोत.

हा पदार्थ परका, असा आक्षेप घेतात. पण नूडल्स म्हणजे एक प्रकारच्या शेवयाच. उन्हाळ्यात बाजेवर शेवया वाळविणाऱ्या आणि ईदेला शीरखुर्मा वाटून खाणाऱ्या गावाला त्यांचे अप्रूप कसले? ‘हक्का’ हे चीनमधील एका समाजाचे नाव. त्यातील अनेक कुटुंबे कलकत्त्यास येऊन कातडी कमावण्याच्या आणि जोडे शिवण्याच्या धंद्यात स्थिरावली. या चिनी वस्तीतच त्यांच्या स्वयंपाकाला आपला मसाला भेटला. ‘शेजवान’ हे नाव सिचुआन प्रांताचे. तेथील जीभ बधिर करणारे मिरे आपल्या कोकणातील तिरफळाचे जवळचे भावंड. गाडीवरच्या चटणीत मात्र ते बहुधा नसतेच, असते ती लाल मिरची आणि लसूण. आणि मिरची तर आपल्याकडे काय, चीनमध्ये काय, अमेरिकेतूनच आलेली! तेव्हा मालकीचा तंटा कोणीच करू नये.

आता कृती. चार माणसांना पाव किलो बिनहाडाची कोंबडी आणि 300 ग्रॅम नूडल्स पुरतात. दहा-बारा सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाच्या पंधरा पाकळ्यांसह वाटाव्यात. तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतून त्यात मीठ, चिमूटभर साखर आणि चमचाभर व्हिनेगर घालावे. कोंबडीचे बोटभर लांब, पातळ काप करून त्यांना आले-लसूण, मिरपूड, चमचाभर सोया सॉस आणि थोडे कॉर्नफ्लोअर लावून अर्धा तास ठेवावे. कच्ची कोंबडी कापलेली सुरी आणि पाट धुतल्याखेरीज भाजीला लावू नयेत. नूडल्स उकळत्या पाण्यात, किंचित कणी राहील इतक्याच शिजवाव्यात. थंड पाण्याखाली धरून, निथळून, तेलाचा हात लावून परातीत पसराव्यात.

घरी नूडल्सचा लगदा होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण आचेत आहे. गाडीवरच्या शेगडीची ज्योत घरच्या गॅसपेक्षा पुष्कळ मोठी असते. घरच्या कढईत सारे एकदम ओतले की कढई निवते, जिन्नसांचे पाणी सुटते आणि परतण्याऐवजी उकडणे होते. म्हणून कढई चांगली तापवून, दोन हप्त्यांत करावे. आधी कोंबडी आतून गुलाबी न राहीपर्यंत परतून बाजूस काढावी. मग कांदा, कोबी, गाजर, ढोबळी मिरची दोन मिनिटे. मग चटणी, नूडल्स, कोंबडी. मीठ शेवटी चाखूनच, कारण सोया सॉस मुळात खारट असतो. वर कांद्याची पात.

आमचा मुद्दा यापुढे आहे. रश्श्यातील कोंबडीची तंगडी कोणाच्या ताटात जाते आणि नुसता रस्सा कोणाला उरतो, हे प्रत्येक घर जाणते. बहुतेक घरांत जी रांधते तीच शेवटी जेवते. या पदार्थात तंगडी नाही, मानाचा तुकडा नाही. पातळ काप सगळीकडे सारखे मिसळलेले. थोडे मांस चौघांत न्यायाने वाटले जाते. शिवाय परतण्याचे काम पाच-सात मिनिटांचे, खरे कष्ट चिरण्याचे. आणि चिरणे वाटून घेता येते. एकाने कोबी घ्यावा, एकाने गाजर, मुलांनी लसूण सोलावा.

मात्र निवलेल्या नूडल्सची गोडी जाते. तेव्हा चौघांनी एकदमच बसावे, आणि कढईपाशी उभी असलेली व्यक्ती बसल्याखेरीज कोणी पहिला घास घेऊ नये. कारखान्यात समान वाटा मागणाऱ्यांनी तो आधी घरात देऊन पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.