गुलाबाची पारख पानावर

गुलाबाची नवी जात घडवायची, तर आधी एका चांगल्या फुलाचा सत्यानाश करावा लागतो. पुण्यात आमच्या भागात हे काम अण्णा दर हिवाळ्यात करतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरामागचे वाफे आणि गच्ची दोन्ही त्यांनी गुलाबांनी भरून टाकली आहेत. ऑक्टोबरची छाटणी झाली की साधारण दीड महिन्यात बहर येतो आणि डिसेंबरच्या थंडीत संकराचा मोसम सुरू होतो. त्या दिवसांत सकाळी मी त्यांच्याकडे चहाला जाते, ती खरं तर हे काम बघायला.

आई म्हणून निवडायचं फूल पुरतं उमललेलं चालत नाही. बाहेरच्या एकदोन पाकळ्या सैल झाल्या आहेत, आतला भाग अजून घट्ट आहे, अशी अवस्था नेमकी गाठावी लागते. उशीर झाला तर मधमाशा तरी पोचतात, नाहीतर फुलाचे स्वतःचेच पराग कामाला लागतात. अण्णा डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरतात आणि उजव्या हाताने एकेक पाकळी किंचित पिळून खेचतात. पाकळ्या संपल्या की उरतो केसरांचा झुबका. कडेने पिवळे परागकोश, मधोमध कुक्षींचा गुच्छ. वाकड्या पात्याच्या छोट्या कात्रीने ते कडेकडेने सगळे परागकोश उतरवतात आणि भिंग लावून पुन्हा बघतात. एखादा राहिला तर पुढची सगळी मेहनत संशयात जाते.

बापाचे परागकोश आदल्या दिवशीच काढून कागदावर पसरलेले असतात. ते वाळतात, फुटतात आणि पिवळी पूड मोकळी होते. आईच्या कुक्षी दुसऱ्या दिवशी ओलसर चकाकायला लागतात, बोटाला चिकट लागतात. अण्णा ब्रश वापरत नाहीत. करंगळीचं टोक डबीत बुडवायचं आणि कुक्षींवरून हलकेच फिरवायचं. दुसऱ्या बापाची डबी उघडण्याआधी बोट स्पिरिटने पुसायचं. मग वर बटर पेपरची पिशवी आणि देठाला चिठ्ठी. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं नाव आणि तारीख.

दोनतीन आठवड्यांत निकाल लागतो. देठ पिवळा पडून गळला, तर संकर फसला. टिकला तर फळ फुगतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत नारिंगी होतं. आतल्या बिया टणक, खाजऱ्या केसांत दडलेल्या. मूळ थंड प्रदेशांतल्या जातींची सवय अशी की थंडी सोसल्याखेरीज बी धडपणे उगवत नाही. म्हणून पाऊस मध्यावर आला की या बिया ओल्या वाळूत घालून घरातल्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात जातात आणि ऑक्टोबरात ट्रेमध्ये पेरल्या जातात. बऱ्याच उगवतच नाहीत. ज्या उगवतात त्यांतल्या दोन कधी एकसारख्या निघत नाहीत, कारण आधुनिक गुलाबाच्या घराण्यात इतक्या जातींची सरमिसळ झाली आहे की प्रत्येक बी पत्ते नव्याने पिसते.

रोप वीतभर होईतो पहिलं फूल येतं. मला त्या वेळी उत्सुकता असते रंगाची. अण्णा फुलाकडे बघतात, वहीत दोन शब्द लिहितात आणि लगेच पानं उलटून पाहायला लागतात.

“फूल वर्षातले थोडे दिवस असतं,” असं ते म्हणाले होते. “पान नाही टिकलं, तर झाड जेवणार कशावर?”

अण्णांच्या या सवयीचं मूळ भारतीय गुलाबाच्या इतिहासात सापडतं. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा जन्म १९०६ मध्ये पंजाबात झाला, बालपण ब्रह्मदेशात गेलं आणि १९३३ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. त्यांचं मुख्य पीक गहू. तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना तोंड देणारा ‘एनपी ८०९’ हा वाण त्यांच्याच कामातून १९५४ मध्ये आला. गुलाब हा त्यांचा फावल्या वेळचा छंद, आणि त्या छंदातून शंभरच्या आसपास जाती निघाल्या. ‘रोझ शर्बत’ १९६२ मधली, वासासाठी वाखाणलेली. ‘दिल्ली प्रिन्सेस’ १९६३ मधली. होमी भाभा विमान अपघातात गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांच्या नावाचा पांढरा गुलाब आला. ‘मृणालिनी’ १९७२ मधली, ‘पिंक परफे’ आणि ‘क्रिश्चन दियोर’ यांच्या संकरातली.

तांबेरा हा पानाखोडाचा रोग. ज्या माणसाने उमेदीची वर्षं गव्हाच्या वाफ्यांत पानावरची पूड शोधत आणि रोगट रोपं बाजूला काढत घालवली, तो गुलाबाच्या वाफ्यात शिरताना ती शिस्त बाहेर ठेवून आला नसणार. त्यांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे १९६६ मधलं पुस्तक अण्णांच्या टेबलावर असतं. कडा मातीने मळलेल्या.

पानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत गुलाबाच्या जगाने आधी एकदा मोजली आहे. युरोपातल्या बागांत एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या झुडपी गुलाबांत खरा झळझळीत पिवळा रंग नव्हता. फ्रान्समधल्या लियाँचे जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी इराणकडच्या दुहेरी पिवळ्या गुलाबाचे पराग वापरून वर्षानुवर्षं संकर केले आणि १९०० मध्ये ‘सोलेय द’ऑर’ बाजारात आणला. आज दुकानात दिसणारे बहुतेक पिवळे, केशरी, जर्दाळू रंगाचे गुलाब या वंशाचे. पण पिवळा बाप कोरड्या हवेतला. तिथे पान तासन्‌तास ओलं राहत नाही, त्यामुळे काळ्या ठिपक्यांच्या बुरशीशी झगडायची वेळच त्याच्यावर आलेली नव्हती. रंगाबरोबर तो दुबळेपणाही वंशात उतरला. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पिवळा गुलाब बघा. खालची पानं काळ्या डागांनी भरतात, पिवळी होतात, गळतात आणि गणपतीपर्यंत नुसत्या काठ्या उरतात. पानं गेलेलं झाड फांदीतला साठा खाऊन पुन्हा फुटतं, दमतं, आणि मग शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येते.

पावसाळ्यात टिकणारं पान हवं असेल, तर नुसते युरोपातलेच गुलाब आपसांत जुळवून भागणार नाही, या विचाराने एम. एस. वीरराघवन कामाला लागले. भारतीय प्रशासकीय सेवेतली नोकरी लवकर सोडून ते पत्नी गिरिजा यांच्यासह कोडाईकनालला स्थायिक झाले. मणिपूरच्या शिरोई डोंगराकडच्या रानटी ‘रोझा जायगँटिया’ या प्रचंड वेलीवर त्यांनी काम केलं. बंगाल-बिहारच्या पाणथळीत वाढणाऱ्या, मुळांशी पाणी साचलं तरी तग धरणाऱ्या ‘रोझा क्लिनोफिला’वरही. इथे अडचण गुणसूत्रांची. या रानटी जातींच्या पेशीत गुणसूत्रं १४, बागेतल्या बहुतेक हायब्रीड टी गुलाबांत २८. दोघांचं लेकरू २१ गुणसूत्रांचं निघालं, तर बहुतेक वेळा वांझ, आणि वंश तिथेच थांबतो. हे अडथळे ओलांडत त्यांनी उष्ण हवेसाठी जाती काढल्या. त्यांतल्या एकीला वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचं नाव आहे.

अण्णांच्या वाफ्यात इतकी मोठी झेप नाही. त्यांची चाळणी मात्र कडक. नवी रोपं एका रांगेत लावायची आणि पावसाळाभर त्यांच्यावर बुरशीनाशक मारायचं नाही. जूनमध्ये रांग भरगच्च असते. ऑगस्टमध्ये ते खाली वाकून रोपांची पानं उलटत जातात आणि नापास रोपाच्या बुंध्याला लाल सुतळी बांधतात. एकदा त्यांनी सुतळी बांधली ते रोप मला फार आवडलेलं होतं. फूल जर्दाळू रंगाचं, कडा गुलाबी, वास चहापत्तीसारखा. मी म्हटलं, “अण्णा, एवढं तरी ठेवा.” ते म्हणाले, “तू ने की. फवारणी तू करणार असशील तर ने.” ते आता माझ्या बाल्कनीत आहे आणि दर पावसाळ्यात उघडं पडतं.

चाळणीतून एखादं रोप उरलंच, तर ते बियांपासून वाढवता येत नाही, पत्ते पुन्हा पिसले जातात. मग डोळा भरायचा. रानगुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर साल टी आकारात चिरायची, चाकूच्या बोथट टोकाने दोन्ही पदर सोडवायचे, नव्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा ढालीच्या आकारात सालीसकट काढून आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. दोनतीन आठवड्यांत डोळा हिरवा राहिला, तर जमलं. ‘ला फ्रान्स’ हा १८६७ मधला गुलाब आजही मिळतो, तो असा डोळ्यामागून डोळा देत आलेलं एकच झाड आहे. म्हणून जात टिकणं हे ती लावणाऱ्यांच्या हातात. पाल यांच्या कित्येक जाती शोधूनही मिळत नाहीत, कारण रोपवाटिकेत गुलाब ‘लाल’, ‘पिवळा’, ‘दुरंगी’ म्हणून खपतो आणि नाव न विचारणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नावानिशी डोळे राखून ठेवायचे कष्ट कोणी घेत नाही.

आपण रोपं घ्यायला जातो ती जानेवारीत, प्रदर्शनं भरतात आणि प्रत्येक झाड फुललेलं असतं तेव्हा. त्या दिवसांत सगळेच गुलाब पास. अण्णांचा सल्ला वेगळा आहे आणि मी तो आता पाळते. सप्टेंबरात एखाद्या ओळखीच्या बागेत जायचं, जिथे फवारणी होत नाही. फुलं कुठे आहेत ते बघायचं नाही. जे झाड खालपासून वरपर्यंत हिरवं आहे, त्याचं नाव मालकाला विचारून लिहून घ्यायचं आणि जानेवारीत रोपवाटिकेत जाऊन त्याच नावाचं रोप मागायचं.