रंगीत नक्षीची टोपी विणण्यापूर्वी

साधी उलट-सुलट वीण सहज येणारे हातसुद्धा दोन रंगांची नक्षी म्हटलं की मागे सरतात. नक्षी बिघडते ती बहुधा कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर धागा, सुई आणि माप यांबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे.

पहिली समजूत लोकरीचीच. जत, आटपाडी, माण, खटाव हा मेंढरांचा मुलूख, तेव्हा मिरजेच्या दुकानातला गुंडाही इथल्याच लोकरीचा असेल असं वाटतं. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ असते. चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीला ती उत्तम, कानाला मात्र टोचते. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी तर मुख्यतः मांसासाठीच पाळतात. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते. ते स्वस्त, धुवायला सोपं आणि हात बसवायला चांगलं आहे. पण घाम शोषत नाही, आणि तापून वितळलं तर कातडीला चिकटतं. बाळाला शेगडीवर शेक-धुरी देणाऱ्या घरात टोपरं मऊ सुती धाग्याचं किंवा मेरिनो लोकरीचंच असावं.

सुईचा नंबर मोठा म्हणजे सुई जाड, हेही उलटं. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी मोजणीत 8 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी.

आता नक्षी. शेटलंडमधल्या फेअर आइल बेटाची वीण कितीही रंगीबेरंगी दिसली तरी परंपरेने तिच्या एका ओळीत दोनच रंग असतात. तेही जड वाटत असेल, तर दोन ओळी एका रंगाच्या, पुढच्या दोन दुसऱ्या रंगाच्या विणा आणि नक्षीपुरते टाके न विणता नुसते उचलून घ्या. हातात कायम एकच धागा राहतो. दोन धाग्यांची वीण आक्रसते, कारण मागून जाणारा धागा ओढला जातो. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके नीट पसरून घ्यावेत. बाळाच्या हातमोज्यांना मात्र ही वीण नकोच. आतल्या मोकळ्या धाग्यांत इवली बोटं अडकतात.

भरतकामाचा आलेख जसाच्या तसा विणता येतो, असंही अनेकजण धरून चालतात. विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. 10 सेमीत 22 टाके आणि 30 ओळी बसत असतील, तर 22 बाय 22 चौकटींचा मोर 10 सेमी रुंद आणि जेमतेम सव्वासात सेमी उंच होतो. दोन धाग्यांच्या विणीत हा फरक कमी होतो, तरी आधी तळहाताएवढा नमुना विणून मोजाच.

पहिल्या टोपीला नुसत्या काठावर नक्षी पुरे. निवडलेल्या दोन गुंड्यांचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात दोन्ही सारखेच करडे दिसले, तर एक गुंडा बदलून घ्या.