सप्पोरोत मुक्काम कुठं? सुसुकिनोच्या एक स्टेशन पुढं उतरा, झोप तरी लागेल

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचं सप्पोरो हे सर्वात मोठं शहर. तिथं १८७६ मध्ये सुरू झालेलं शेतकी महाविद्यालय म्हणजेच आजचं होक्काइदो विद्यापीठ. शेतीतल्या माणसानं एकदा बघावं असं.

या शहरातला रात्रभर जागणारा भाग म्हणजे सुसुकिनो. रामेनची दुकानं, बार, कराओके पहाटेपर्यंत चालू. जेवायला, फिरायला जरूर जा, पण झोपायला तिथं नको. मोबाईलवर 'सुसुकिनो १ मिनिट' दिसलं की माणूस भुलतो. खाली बार निघाला तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

नांबोकू मेट्रोवर सप्पोरो, ओदोरी, सुसुकिनो, नाकाजिमा-कोएन अशी ओळीनं स्टेशनं आहेत. मध्यम बजेटवाल्यांना यातलं शेवटचं बरं. शेजारी मोठी बाग, आणि सुसुकिनो चालत जाण्याइतकं जवळ. ओदोरीही चालेल, तिथून सुसुकिनोपर्यंत जमिनीखालून वाट आहे, बर्फात फार कामाची. फक्त फेब्रुवारीत तिथं बर्फ महोत्सव भरतो, तेव्हा खोल्या महागतात आणि मिळतही नाहीत.

बुकिंग करताना वरचा मजला आणि रस्त्याच्या मागच्या बाजूची खोली मागा. सिगारेटचा वास नको असेल तर नो-स्मोकिंग निवडा. 'सेमी डबल' म्हणजे जेमतेम चार फुटी पलंग, जोडप्याला अडचणच. भाडं बऱ्याचदा माणशी असतं, म्हणून माणसं किती ते खरं भरा.

रात्री परतताना रस्त्यावर कुणी 'या, स्वस्तात बसवतो' म्हणत मागं लागला, तर थांबू नका. आत गेल्यावर बिल भलतंच येतं.