दुसरा योहान

सत्तरच्या दशकातल्या डच फुटबॉलची गोष्ट बहुतेकदा योहान क्रायफपाशी सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. बचावपटूने गोल करायला पुढे जायचं, आघाडीवीराने मागे यायचं, कुणाची जागा कुणीही घ्यायची, अशा या ‘टोटल फुटबॉल’कडे स्वातंत्र्याचा खेळ म्हणून पाहिलं जातं आणि क्रायफ हा त्या स्वातंत्र्याचा चेहरा ठरतो. माझ्या मते हे चित्र अर्धंच आहे. चेंडू पायाशी असताना दिसणारा तो मोकळेपणा चेंडू पायाशी नसतानाच्या कष्टांवर उभा होता. ते कष्ट समजून घ्यायचे तर संघातल्या दुसऱ्या योहानकडे, मधल्या फळीतल्या योहान नीस्केन्सकडे पाहायला हवं.

1951 साली हेमस्टेडे इथे जन्मलेला नीस्केन्स तिथल्या आरसीएच क्लबातून 1970 मध्ये आम्सटरडॅमच्या आयाक्समध्ये आला. 1971 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक रिनस मिशेल्स यांनी त्याला उजवीकडचा बचावपटू म्हणून खेळवलं. पुढे तो मधल्या फळीत गेला आणि आयाक्सने 1972 व 1973 मध्येही तो कप जिंकला. मधल्या फळीत त्याच्याकडे काम होतं समोरच्या संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूला चिकटून राहण्याचं. असा खेळाडू वेढला गेला की मोकळी जागा शोधत स्वतःच्या गोलकडे सरकतो. एरवी त्याच्यावर नजर ठेवणारा मध्यरेषेपाशी त्याचा नाद सोडतो. नीस्केन्स सोडत नसे. तो पार समोरच्यांच्या भागात शिरायचा, त्याच्यामागे पोकळी पडायची आणि ती भरायला आयाक्सची बचावफळीही पुढे येऊ लागली. हळूहळू ती सवयच झाली. बचावफळी इतकी पुढे उभी राहिल्यावर समोरचे आघाडीवीर ऑफसाइडमध्ये अडकायचे आणि हिसकावलेला चेंडू त्यांच्या गोलजवळच हाती लागायचा. जागांची ती प्रसिद्ध अदलाबदलही यामुळेच जमली. खेळाडूंमधली अंतरं कमी असली तरच एकाने सोडलेली जागा दुसरा चटकन घेऊ शकतो. मैदानभर विखुरलेल्या संघाला ते साधत नाही. मिशेल्स यांची शिस्त आणि क्रायफची दृष्टी यांचं श्रेय मला कमी करायचं नाही, पण या पाठलागावाचून त्या दोन्ही गोष्टी मैदानावर उतरल्या नसत्या.

1974 चा विश्वचषक याची साक्ष देतो. त्या स्पर्धेत हॉलंडसाठी सर्वाधिक, म्हणजे 5 गोल नीस्केन्सने केले. क्रायफचे 3 होते. नीस्केन्सच्या 5 गोलांपैकी 3 पेनल्टी होत्या, हा आक्षेप खरा आहे. पण ब्राझीलविरुद्धचा गोल पाहावा. क्रायफने उजवीकडून चेंडू गोलसमोर टाकला आणि मधल्या फळीतून धावत आलेल्या नीस्केन्सने पाय लांबवून तो गोलरक्षकावरून आत घातला. समोरच्या हुकमी खेळाडूला रोखण्याची जबाबदारी असलेला माणूसच गोलसमोर हजर होता. म्युनिकच्या अंतिम सामन्यात एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्याआधी क्रायफला पाडलं गेलं आणि दुसऱ्याच मिनिटाला नीस्केन्सने पेनल्टी थेट मधोमध मारली. हॉलंड तो सामना 2-1 हरलं हा भाग वेगळा.

यावर कोणी म्हणेल, की हा सगळा दमसासाचा महिमा, बुद्धी तर क्रायफची. ही विभागणीच मला पटत नाही. कधी झेपावायचं, कधी थांबायचं, आपण पुढे गेलो तर मागे कोण येईल, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो आणि एक चुकीचा अंदाज अख्खी बचावफळी उघडी पाडतो. हे जाणणाऱ्यांनी पुढे त्याला जवळ ठेवलं: गुस हिडिंकने 1998 च्या विश्वचषकात डच संघासोबत आणि 2006 मध्ये ऑस्ट्रेलियासोबत, तर फ्रँक रायकार्डने बार्सिलोनात सहायक म्हणून त्याला घेतलं. 2024 मध्ये अल्जीरियात त्याचं निधन झालं, तेव्हाही तो डच फुटबॉल संघटनेच्या प्रशिक्षणाच्या कामावरच होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1974 मध्ये बार्सिलोनाने स्पॅनिश लीग जिंकली तेव्हा क्रायफ तिथे होता, नीस्केन्स नव्हता. तो आला त्याच वर्षी नंतर, आणि त्याच्या पाच वर्षांत बार्सिलोनाला लीग एकदाही मिळाली नाही, 1978 चा स्पॅनिश कप आणि 1979 चा कप विनर्स कप तेवढा मिळाला. म्हणजे एकटा क्रायफ विजेतेपद मिळवून देऊ शकत होता. नीस्केन्सबद्दल तसं म्हणता येत नाही आणि मी म्हणतही नाही. पण क्लबला जिंकून देणं आणि एका खेळपद्धतीला पाया देणं या निराळ्या गोष्टी आहेत. 1978 च्या विश्वचषकाला क्रायफ गेलाच नाही, तरी हॉलंड पुन्हा अंतिम सामन्यात पोचलं आणि अर्जेंटिनाशी जादा वेळेपर्यंत झुंजलं. नीस्केन्स स्कॉटलंडविरुद्ध जखमी होऊन मधल्या काही सामन्यांना मुकला होता, आणि त्याच्याविनाही त्याच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियाला 5-1 असं हरवलं. एकेकाळी एकट्याने सुरू केलेला पाठलाग तोवर अकराही जणांच्या अंगवळणी पडला होता.