एका सहलीची पूर्वतयारी

सहलीचे वर्णन पहाटेच्या गाडीने सुरू व्हावे आणि 'अविस्मरणीय' या शब्दाने संपावे, असा आपल्या वार्षिकांकांचा जणू रिवाजच आहे. तो थोडा बाजूस ठेवून मी गाडी सुटण्यापूर्वीच्या अकरा महिन्यांविषयी लिहिणार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही एकोणीस जण हिंगोलीहून भूतानला जाऊन आलो. निघायचे होते वीस जणांना. विसावी जागा रिकामी राहिली ती माझ्या नियोजनातील एका चुकीमुळे, आणि तिचा भुर्दंड मला नव्हे, एका विद्यार्थिनीला पडला. तशी चूक पुढे कोणाकडून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम, भूतानच का? वर्गात भारताचे शेजारी देश शिकवताना भूतानच्या वाट्याला दीड ओळ येते. एकदा मी फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५. २०१७ च्या जनगणनेनुसार भूतान या देशाची लोकसंख्या ७,२७,१४५. क्षेत्रफळ मात्र आपल्या जिल्ह्याच्या सुमारे आठपट. आपल्या एका जिल्ह्याहून कमी माणसांचा एक स्वतंत्र देश आहे, त्याला राजा आहे, संसद आहे, स्वतःचे नाणे आहे, हे पाहून वर्गात कुजबुज सुरू झाली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिथं आपल्याला जाऊ देतात का?" सहलीचा जन्म त्या प्रश्नातून झाला.

जाऊ देतात, पण बेताने. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा तेथे मोटारीचा रस्ता नव्हता; घोड्यावरून आणि याकवरून डोंगर ओलांडत त्यांना जावे लागले. १९६१ पासून भारताच्या 'दंतक' प्रकल्पाने रस्ते बांधावयास घेतले. २ जून १९७४ रोजी राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांना बोलावण्यात आले आणि पर्यटनाचे दार किलकिले झाले. ते सताड उघडायचे नाही, हे मात्र त्या देशाने आरंभीच ठरवले. पाहुणे थोडे यावेत, पण त्यांच्याकडून देशाला लाभ व्हावा आणि डोंगर, जंगल, मठ यांना धक्का लागू नये, असे हे धोरण आहे. २०१९ साली सर्व मिळून सुमारे ३ लाख १५ हजार पाहुणे भूतानला आले, आणि त्यांतही बहुसंख्य भारतीयच होते. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वर्षाकाठी हा आकडा किती लहान आहे ते वेगळे सांगावयास नको.

या धोरणाचा सहलीच्या हिशेबाशी थेट संबंध येतो. भूतानमध्ये मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी 'शाश्वत विकास शुल्क' भरावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये इतर देशांच्या प्रवाशांसाठी ते २०० डॉलर करण्यात आले आणि सप्टेंबर २०२३ पासून १०० डॉलरवर आणण्यात आले. भारतीयांसाठी ते रात्री १,२०० रुपये आहे. भूतानचे चलन न्गुलट्रम. ते आपल्या रुपयाशी बरोबरीने बांधलेले असल्याने हिशेबाची कटकट नाही. पाच रात्रींचे एका माणसाचे ६,००० रुपये, वीस जणांचे १,२०,०००. खोली, जेवण आणि मोटार यांचा खर्च याहून निराळा. आमच्या पालकांच्या सभेत हा आकडा सांगितला तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग वर्षभराच्या हप्त्यांची योजना निघाली आणि तिच्या जोरावर वीस नावे पक्की झाली.

आता तयारीची अंगे पाहू. ती चार : ऋतू, वाट, पैसा आणि कागद.

ऋतूचा विचार असा की, पावसाळ्यात फुंटशोलिंग ते थिंफू या घाटरस्त्यावर दरडी कोसळतात. तेव्हा तो काळ टाळावा. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. आमच्या परीक्षा आणि दिवाळी पाहता नोव्हेंबरचा उत्तरार्धच सोयीचा होता. थिंफू समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबरात रात्रीची थंडी हाडे गोठवते. आपल्याकडे स्वेटर हा पुष्कळ घरांत चैनीचा कपडा आहे. म्हणून आम्ही जूनमध्येच माजी विद्यार्थ्यांकडून उबदार कपडे मागून जमवले. हे काम सहलीच्या आठवड्यावर ठेवू नये.

वाट लांबची आहे. हिंगोलीहून पूर्णा–अकोला मार्गाने अकोला, तेथून मुंबई–हावडा मार्गाने हावडा, मग कोलकात्यातच सियालदा स्थानकावर जाऊन कांचनकन्या एक्सप्रेसने हासिमारा. हासिमाऱ्याहून मोटारीने जयगाव हे आपले सरहद्दीवरचे गाव गाठायचे. एक मोठी रंगीत कमान ओलांडली की पलीकडे फुंटशोलिंग, म्हणजे भूतान. घड्याळ अर्धा तास पुढे करावे लागते. जाण्यास तीन दिवस आणि येण्यास तीन दिवस धरावेत. गाड्या उशिरा धावतात हे गृहीत धरून कोलकात्यात अर्ध्या दिवसाची सवड ठेवावी. आम्हाला ती दोन्ही वेळा उपयोगी पडली.

पैशाविषयी वर सांगितलेच. एवढेच जोडतो की मोटार आणि मार्गदर्शक यांचा खर्च गटावर विभागला जातो, म्हणून फार लहान गट महाग पडतो. तीन शिक्षक आणि सतरा विद्यार्थी हे प्रमाण आम्हाला योग्य वाटले.

राहिला कागद. मी तो शेवटी ठेवला होता, आणि चूक झाली ती येथेच. जानेवारीत आम्ही सुरुवात केली ती हप्त्यांपासून. कागदपत्रे म्हणून प्रत्येकाच्या आधारकार्डाची प्रत एका फायलीत लावून मी निर्धास्त झालो. ऑक्टोबरात परवान्याच्या अर्जासाठी यादी पाठवली तेव्हा जयगावहून आमची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांचा फोन आला, "आधार चालत नाही. भारतीय माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागते." नियम कोठे लपवून ठेवलेला नव्हता, मी तो वाचला नव्हता, इतकेच.

त्या संध्याकाळी तपासणी केली. शिक्षकांचा प्रश्न नव्हता. सतरा विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांकडे मतदार ओळखपत्र होते, दोघांकडे पासपोर्ट. चौघांकडे दोन्ही नव्हते. त्यांतल्या तिघांची नावे मतदारयादीत होती. धावपळ करून त्यांची ओळखपत्रे मिळाली. चौथीचे नाव यादीतच नव्हते. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली होती. तिने लगेच सहा नंबरचा अर्ज भरला. परंतु अर्ज, पडताळणी, हरकतींची मुदत ही कामे आपल्या क्रमाने चालतात. घाई आमची होती, त्यांची नव्हती. ओळखपत्र निघण्याच्या दिवसापर्यंत आले नाही.

ही मुलगी ऊसतोड कामगारांची. आईवडील दसऱ्यानंतर कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि होळीच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वडिलांनी तिचे दोन हप्ते भरले होते. ते पैसे पूर्ण परत केले; तिकिटाच्या रद्दीत जे कापले गेले ते मी घातले. पण पैसे परत केल्याने सहल परत मिळत नाही. त्यातून, भूतानची माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम तिच्याकडेच होते. त्या देशाला दूरदर्शन १९९९ साली मिळाले, २००८ साली तेथे संविधान आले आणि देशाची किमान साठ टक्के भूमी कायम वनाखाली राहील असे त्यात लिहिले आहे, हे सारे तिनेच आम्हाला सांगितले होते. सुखाची गणती करणारा देश म्हणून त्याचे कौतुक होते, पण १९९० च्या सुमारास एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक माणसांना तो देश सोडून नेपाळमधील छावण्यांत राहावे लागले, हेही तिने पुस्तिकेत घातले. निघण्याच्या दिवशी ती स्थानकावर आली. हातात एक वही होती. "सर, मला जे विचारायचं होतं ते लिहून दिलंय. तेवढं तिथल्या माणसाला विचारा." वहीत बावीस प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार कोऱ्या ओळी.

आता मार्गदर्शकाविषयी. असा माणूस सोबत असणे पुष्कळांना बंधन वाटते; मलाही वाटत होते. आपण पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने दाखवील तेवढेच पाहायचे, हा कसला प्रवास? परंतु आपण हिंगोलीची माणसे आहोत. संत नामदेवांच्या नरसीतून दिंड्या निघतात, त्या आपण पाहतो. दिंडीत नवखा माणूस विणेकऱ्याच्या पुढे जात नाही, चोपदाराचा शब्द मोडत नाही, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. वाट ठाऊक असलेल्याच्या मागून चालणे हाही प्रवासाचाच भाग आहे. आमचा मार्गदर्शक तिशीतला तरुण होता. गुडघ्यापर्यंतचा 'घो' हा तेथील पोशाख घालून तो कमानीपाशी उभा होता. पहिल्याच दिवशी त्याने चार गोष्टी सांगितल्या. स्तूपाला प्रदक्षिणा उजवी घालावी. 'झोंग' म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी एकत्र. तेथे पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत आणि डोक्यावर टोपी नको. देवळाच्या आत छायाचित्र काढू नये. डोंगर चढताना बोलू नये, दम पुरवून ठेवावा.

पाच दिवसांत थिंफू, दोचुला खिंडीतील १०८ स्तूप, दोन नद्यांच्या संगमावरचा पुनाखाचा झोंग आणि पारो एवढे झाले. पारोचा तक्त्सांग मठ १६९२ साली कड्यावर बांधला गेला, १९९८ साली आगीत भस्मसात झाला आणि पुन्हा जसाच्या तसा उभारण्यात आला. खालच्या खोऱ्यापासून तो सुमारे ९०० मीटर उंच आहे. दोघे जण अर्ध्या वाटेवर थांबले; सतरा जण वर पोचले. जेवणात 'एमा दात्शी', म्हणजे चीज घातलेली मिरचीची भाजी. ठेच्यावर वाढलेल्या आमच्या मुलांनी ती दोनदा मागून घेतली, तेव्हा मार्गदर्शक प्रथमच मोकळेपणाने हसला.

रोज रात्री जेवणानंतर मी ती वही उघडत असे. एक प्रश्न होता, "तुमच्या देशातील सर्वांत उंच शिखरावर अजून कोणी चढलेले नाही, ते का?" गांगखर पुएनसुम हे ते शिखर, उंची ७,५७० मीटर, २००३ पासून भूतानमध्ये गिर्यारोहणालाच बंदी आहे. तो म्हणाला, "ते देवाचं घर आहे. घराच्या छपरावर कोणी चढतं का?" दुसरा प्रश्न होता, "पाहुण्याकडून पैसे घेताना तुम्हाला संकोच वाटत नाही का?" तो म्हणाला, "माझं शिक्षण फुकट झालं, आईचं औषधपाणी फुकट झालं. त्यासाठी पैसा कुठून तरी यायला हवाच ना?"

एकविसावा प्रश्न असा होता, "आमच्याकडे माणसे गाव सोडून कामाला जातात. तुमच्याकडे जातात का?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की आपला धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थ येथे आहे, बरोबर शिकलेले निम्मे मित्रही तिकडेच आहेत. शिकलेली मुले फार जातात, आणि गावात म्हातारी माणसे उरतात. नंतर त्याने विचारले, "हा प्रश्न कोणी लिहिला?" मी सांगितले. का आली नाही, तेही सांगितले. त्याने वही मागून घेतली आणि त्या प्रश्नाखालच्या चार ओळींत जोंखा भाषेत स्वतः उत्तर लिहून दिले.

तात्पर्य, पुढच्या गटासाठी क्रम असा. सर्वांत आधी कागद. पहिल्या सभेतच प्रत्येकाचे ओळखपत्र प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे आणि त्यावरील नाव महाविद्यालयाच्या नोंदीशी अक्षराअक्षराने जुळवावे. वय सतरा पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो. तो करून घ्यावा. कागद पुरे झाल्यावर ऋतू आणि वाट ठरवावी, आणि मगच पहिला हप्ता घ्यावा. पैसा कमी पडला तर उसना मिळतो, स्वेटर मागून आणता येतो. ओळखपत्र मात्र कोणाचे कोणाला उसने देता येत नाही. ज्याच्या घरी कागद सांभाळायला पेटी नाही, वर्षातले सहा महिने ज्याचे घरच कुलूपबंद असते, अशा विद्यार्थ्यापासून तपासणीला सुरुवात करावी. त्याची तयारी झाली म्हणजे गटाची तयारी झाली असे समजावे.

तिचे ओळखपत्र जानेवारी २०२४ मध्ये आले. २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी आपल्या मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा तिने आईवडिलांसोबत पहिले मत दिले. वही तिच्याकडेच आहे. एकविसाव्या प्रश्नाचे जोंखातील उत्तर अद्याप आम्हा कोणाला वाचता आलेले नाही. ते कोणाकडून वाचून घ्यायचे, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तिथं जाऊनच वाचून घेईन, सर." दुसऱ्या सहलीची यादी मी केली आहे. तिच्यात पहिले नाव कोणाचे, हे सांगावयास नको; नावापुढे ओळखपत्राचा क्रमांकही लिहिलेला आहे.