नेव्हीनगर : मागे राहणाऱ्यांची वसाहत

आर. सी. चर्चकडे जाणारी बेस्टची बस अफगाण चर्चपाशी आली की मुंबई बदलते. फेरीवाले संपतात, झाडी दाटते, नौदलाच्या नेव्हीनगर वसाहतीच्या फाटकावर पास तपासणारा नौसैनिक दिसतो. कुलाब्याच्या या टोकावर १७९६ साली ब्रिटिशांची छावणी पडली, तेव्हा कुलाबा बेट होतं. कॉजवे झाला १८३८ मध्ये.

समुद्रावरच्या माणसाची काळजी जमिनीवरून घ्यायची, हे या टोकाचं जुनं काम. १८२६ ची कुलाबा वेधशाळा खगोलनिरीक्षणाबरोबरच बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी उभारलेली. अफगाण चर्चचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला आणि बंदरात शिरणाऱ्या खलाशांची खूण ठरला.

    

ही काळजी चुकली तेव्हा काय झालं, तेही कुलाब्यानं पाहिलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या इथल्या सिग्नल स्कूलमध्ये निकृष्ट जेवण आणि अपमान सोसलेल्या नाविकांनी संप पुकारला.

आणि समुद्रावर गेलेली माणसं कधी परतही येत नाहीत. मुंबईहून निघालेली ‘खुकरी’ ही युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. जहाज सेलिंगला गेलं की मागे घरात काय असतं, याचा हिशेब या आकड्यांत येत नाही.

आजही नेव्हीनगरातलं घर चालवते ती बहुतेक वेळा मागे राहिलेली बायको. शाळेचा दाखला, कॅन्टीनचं सामान, सासूबाईंचं औषधपाणी सगळं तिच्याकडे. पोस्टिंग आलं की काळ्या पत्र्याच्या ट्रंका बाहेर निघतात. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा, बढती झाली की जुन्यावर नवा हात. शेजारीण केरळची, खालची हिमाचलची, सातारची कुणी तिसऱ्या मजल्यावर. मध्यरात्री कुणाला कळा सुरू झाल्या, तर ज्यांचा माणूस किनाऱ्यावर आहे ते गाडी काढतात आणि थेट नौदलाचं ‘अश्विनी’ हॉस्पिटल गाठतात. नवऱ्याचा हुद्दा त्या वेळी कुणी विचारत नाही.